दोन वीत

खराट्याच्या दांड्यावर, तिच्या दोन हातांच्या मधे, तिसरा हात आला. देलियाला तो आधी दिसला आणि मग जाणवला. म्हातारा हात, नखांच्या कडेनं चिखल वाळून पांढुरका झालेला, सैल झालेली अंगठी दोरा गुंडाळून जाड केलेली. हात जोर लावत नव्हता. झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा नुसता ठेवलेला होता.

"ठेव तो खाली," शेजारच्या आलिंग पासिंग म्हणाल्या.

"दमले नाहीये मी."

"दमण्याचं कोण बोलतंय? तुझ्या घरात आता झाडायचं नाही."

बाहेर सगळी गल्ली झाडत होती. वादळ गुरुवारी येऊन गेलं, शुक्रवारी दुपारपर्यंत पाणी उतरलं, आणि आज रविवारी सकाळपासून दोन्ही बाजूंच्या बत्तीस घरांतून एकच आवाज येत होता: खराट्याचा लांब, ओला आवाज, मधूनच फावडं फरशीला घासल्याचा. देलिया त्याच आवाजात उठली होती आणि कुणी न सांगता त्यात सामील झाली होती. तिला आठवत होतं तिथपर्यंत तिनं काही ठरवलं नव्हतं. आलिंग पासिंगचा हात आला आणि ती जे करत होती त्याला अचानक अर्थ आला. मयत घरात असेपर्यंत झाडायचं नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आई गेली तेव्हा चार दिवस खोलीच्या कोपऱ्यांत बिस्किटांचा चुरा साठत गेला होता आणि मुंग्या त्याच्या रांगा करून नेत होत्या. झाडलं की मागोमाग घरातलं आणखी कुणी जातं. पण हे घर त्यातलं आहे असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

"ताताय सापडले नाहीत अजून," ती म्हणाली. बापाला ती ताताय म्हणायची, गल्लीतल्या सगळ्या मुलांसारखीच; वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी आलिंग लावायचं आणि पुरुषाच्या नावाआधी मांग.

"म्हणूनच."

"ते घरात नाहीत ना, आलिंग पासिंग."

"नाहीत म्हणून काय झालं? वाटेवर असतील. येणाऱ्याला उंबरा झाडलेला दिसला तर त्यानं काय समजायचं?"

समोरच्या घरातून मांग तोमास चिखलाची बादली घेऊन बाहेर आले होते. ती गटाराच्या तोंडाशी उपडी करून ते तिथूनच म्हणाले, "पासिंग, हा चिखल आज नाही काढला तर परवा छिन्नी लागेल. सिमेंट होतं त्याचं. गेल्या माणसाला काय कळतंय?"

"तोमास, तुझ्या तोंडाला झाकण बसवायचं राहिलं का रे?"

"मी फावड्याचं म्हणतोय. सांगितलंय ते झाडूचं. फावड्याचं कुठं काय सांगितलंय?"

"आणि फावड्यानं काढल्यावर खाली राहील ते? ते तू चाटून काढणार?"

मांग तोमास हसले, मग देलियाकडे पाहून हसायचे थांबले. त्यांनी रिकामी बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात फाटकाशी रुदी आला. तो देलियाच्याच वर्गात शिकलेला, गवंडीकाम करायचा, आणि पूर आला की वॉर्डाच्या कचेरीची बोट तोच चालवायचा. फाटकाचा एक पल्ला वाहून गेला होता, तरी तो उरलेल्या पल्ल्यापाशीच थांबला, जणू तो उघडायला लागणार होता. त्याचा एक हात सदऱ्याच्या खिशावर होता. देलियाच्या हातात अजून खराटा होता, आणि तिनं, का कोण जाणे, आलिंग पासिंगचा हात असतानाच तो एकदा पुढं ओढला. चिखलाची एक पट्टी बाजूला झाली. रुदीनं ते पाहिलं. खिशावरचा हात खाली घेतला आणि आला तसा निघून गेला.

"आला बघ बोटवाला," मांग तोमास म्हणाले, रुदीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "गुरुवारी यायचं होतं की. पण इकडे आला असता तर सासुरवाडी लांब पडली असती ना."

देलियानं खराटा भिंतीला टेकवला. आलिंग पासिंग त्यावर समाधान पावल्या आणि लुगाव, तांदळाची पातळ पेज, पाठवते म्हणून निघून गेल्या. त्यांना वाटलं असावं की तिनं ऐकलं. तिनं ऐकलं नव्हतं. खराटा टेकवताना भिंतीचा रंग लगद्यासारखा सुटून त्याच्याबरोबर खाली आला होता, आणि त्याच्याखाली तिला ती रेघ दिसली होती.

रेघ काळसर तपकिरी होती, जरा थरथरलेली, साधारण कंबरेच्या उंचीवर. तिच्या वर, थोडं अंतर सोडून, दुसरी रेघ होती, निळी आणि सरळ, पट्टी लावून मारलेली. ती निळी देलियाची होती. खालची तातायची होती. अकरा वर्षांपूर्वीच्या पुरानंतर, भिंतीवरचा ओला डाग वाळून जायच्या आत, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून आईच्या भुवया रेखायच्या पेन्सिलीनं ओढलेली. आईनं त्यावरून आठवडाभर धुसफुस केली होती. पेन्सिल कशीबशी सुकवली होती तिनं, आणि नवऱ्यानं ती भिंतीला फासली. गल्लीत प्रत्येक घरात अशी रेघ होती. कुणाची दारावर खाचून, कुणाची खिळा ठोकून, मांग तोमासची तर टाइलवर रंगानं, खाली तारीख आणि वर क्रूस. पाहुणा आला की आधी रेघ दाखवायची, मग बसायला खुर्ची द्यायची. आणि त्या रेघेवरून प्रत्येक घराचा एक कायदा झाला होता. तातायचा कायदा असा: पाणी रेघेला लागेपर्यंत घर सोडायचं नाही, कारण मागल्या वेळी तेवढ्या पाण्यात आपण माळ्यावर बसून निभावलं, रेघेला लागलं की मात्र एक मिनिट थांबायचं नाही, बोट बोलवायची. पाणी रेघेच्या खाली असताना ते देलियाला चिडवायचे, की तुझ्या प्रयोगशाळेपेक्षा माझी भिंत खरी.

देलियानं अंगठा खालच्या रेघेवर टेकवला आणि करंगळी ताणली. एक. पुन्हा. दोन. करंगळी निळ्या रेघेवर आली. तिनं हात काढून घेतला आणि पुन्हा मोजलं, या वेळी वरून खाली. मोजणारा दिशा बदलून मोजतो तो आकडा बदलेल म्हणून नाही, तर हात खोटं बोलत नाही ना ते बघायला. हे ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नव्या मुलींना शिकवायची. अंतर दोन वीतच होतं.

घराची जमीन त्या पुरानंतर दोन वर्षांनी उचलली होती. गल्लीत सगळेच उचलत होते. ज्याला जमलं त्यानं विटांचे तुकडे आणि खडी भरून वर नवी फरशी घातली, आणि प्रत्येक घर आतून ठेंगणं होत गेलं. आईला हात वर करून छताचा पंखा पुसता यायला लागला. जिन्याच्या अकरा पायऱ्यांच्या नऊ झाल्या, दोन जमिनीत गेल्या. रेघ तशीच राहिली, फक्त ती आता कंबरेशी दिसायची आणि ताताय पाहुण्यांना सांगताना हात गळ्याशी न्यायचे आणि रेघ कंबरेशी दाखवायचे, आणि पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा वाढवून सांगतो. मग आई गेली, आणि दोन वर्षांपूर्वी देलियानं घर रंगवून घेतलं. रंगाऱ्यानं रेघेवर हात मारला. ताताय त्या दिवशी जेवले नाहीत. एवढी मोठी मुलगी, पगार मिळवणारी, आणि रंगाऱ्याला एक रेघ सांभाळ म्हणून सांगता येत नाही. तेव्हा तिनं त्यांची जुनी वही काढली. वहीत त्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं: जमिनीपासून एकशे चाळीस. तिनं टेप जमिनीला लावला, एकशे चाळीसवर खूण केली, पट्टी धरून निळ्या पेनानं रेघ ओढली.

ताताय रेघेला पाठ लावून उभे राहिले होते. ती त्यांच्या गळ्याशी आली. "हो," ते म्हणाले होते, आणि त्यांचा राग तिथल्या तिथं गेला होता. "इथंच होतं. मला आठवतंय ना, हनुवटी वर करून उभा होतो." शरीराची आठवण आणि वहीतला आकडा जुळले. दोन वेगळ्या साधनांनी एकच उत्तर आलं की ते खरं धरायचं, हेही ती मुलींना शिकवायची. दोन्ही साधनं एकाच जमिनीवर उभी होती आणि ती जमीन वर आली होती, हे तिला दिसलं नव्हतं. जिन्याच्या नऊ पायऱ्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या. रेघ ओढायला ती त्यातल्याच खालच्या पायरीवर बसली होती.

"तरी जरा वर वाटते, नाही?" जाता जाता ते म्हणाले होते. पंख्याकडे बघून म्हणाले होते.

"तुम्हीच लिहून ठेवलंय, ताताय. एकशे चाळीस."

"मग असेल. तू शिकलेली आहेस."

आता ती त्याच पायरीवर बसली. पायरी चिखलानं गार होती आणि चिखलाला वास होता: डिझेलचा, कुजल्या केळीच्या खुंटाचा, आणि त्याखाली लोखंडासारखा एक, जो तिला पाण्याच्या नमुन्यांमधून ओळखीचा होता. गुरुवारी ती प्रयोगशाळेतच होती. वरच्या गावात, टेकडीवर, जिथं पूर येत नाही आणि भाडं जास्त आहे. धरणातून येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा दर अर्ध्या तासानं मोजायचा होता. खिडकीबाहेर पाऊस आडवा जात होता आणि ती काचेच्या नळ्या एकामागून एक धुऊन, पुसून, यंत्रात ठेवत होती. दोन वाजून वीस मिनिटांनी तातायचा फोन आला. वीज सकाळीच गेली होती, फोनमध्ये जेमतेम जीव होता, म्हणून ते ओरडून आणि थोडक्यात बोलत होते.

"जिन्यावर बसलोय. पाणी आलंय आत."

"किती?"

"तुझ्या रेघेच्या खाली आहे अजून. दोन वीत."

"बोटीला सांगू का?"

"आत्ताच कशाला? कोपऱ्यावर बाळंतीण आहे, तिला नेऊ दे आधी. लागलं रेघेला की सांगतो."

"माळ्यावर जाऊन बसा. तांदूळ वर घेतला का?"

"तांदूळ काय, तुझ्या आईचा फोटोपण घेतला." आणि फोन बंद.

तिनं वॉर्डाच्या कचेरीत फोन लावला. वायरलेसवर बसणारी बाई यादी करत होती. चौदा नंबरचं घर, देलिया म्हणाली, वडील आहेत, ठीक आहेत, पाणी खुणेच्या खाली आहे, आधी इतरांना घ्या, आम्हाला नंतर चालेल. हे म्हणताना तिला चांगलं वाटलं होतं. आपण घाबरगुंडी उडालेल्या नातेवाइकांसारख्या नाही, आपल्याकडे आकडा आहे, असं काहीतरी. मग ती यंत्राकडे वळली आणि अडीचचा नमुना घेतला. त्या दिवसाच्या वहीत अडीचच्या रकान्यात तिचं अक्षर बाकीच्यांपेक्षा जास्त नीट होतं, हे तिनं शनिवारी जाऊन पाहिलं होतं.

निळ्या रेघेच्या दोन वीत खाली. म्हणजे तातायच्या रेघेवर. म्हणजे ते फोनवर बोलत होते त्या क्षणी पाणी खऱ्या खुणेला टेकलेलं होतं, आणि त्यांच्या कायद्याप्रमाणे ती बोट बोलवायची वेळ होती, आणि ते जिन्यावर बसून हसत होते. दोन वीत पाणी चढायला अर्धा तास लागला. दोन पन्नासला पुन्हा फोन आला. "लागलं, देलिया," एवढंच ते म्हणाले, शांतपणे, कायद्याचं कलम वाचून दाखवावं तसं. त्यानंतर फोन लागला नाही. दोन चाळीसपर्यंत बोट गल्लीच्या कोपऱ्यावर होती. त्यानंतर नदीनं शाळेची भिंत पाडली आणि गल्लीत ओढ एवढी झाली की दोनदा आत शिरायचा प्रयत्न करून रुदीनं बोट मागं घेतली. हे सगळं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी, तिला सांगितलं होतं, आणि तिच्या डोक्यात ते आपोआप एका आलेखावर बसत होतं. आडवी वेळ, उभं पाणी. त्यात एक जागा होती, दोन वीस ते दोन चाळीस, जिथं एक म्हातारा जिन्यावर बसला होता आणि शंभर पावलांवर बोट होती. ती त्या वीस मिनिटांत जाऊन बसायची आणि परत यायची. परत येताना दर वेळी काहीतरी बारीकसं घेऊन यायची: वल्ह्याचा आवाज त्यांना ऐकू आला असेल का. आला असेल. त्यांना वाटलं असेल, बाळंतिणीला नेतायत.

माळ्यावरही पाणी पोचलं होतं. भिंतीवर आता तिसरी, चिखलाची, जाड रेघ होती, छताच्या फळ्यांपर्यंत. गज नसलेल्या खिडकीचं दार उघडं होतं. ताताय तिथून पत्र्यावर गेले असावेत.

सोमवारी तिनं झाडलं नाही. झाडायचं नाही असंही ठरवलं नाही. खराटा टेकवला होता तिथंच होता आणि ती दर वेळी त्याला वळसा घालून जात होती. चिखलाची साय कडक व्हायला लागली, तिच्यावर चिरा पडल्या, चिरांच्या कडा वर वळल्या. झाडलं तर ताताय परत येणार होते आणि ती रेघ कुणाला सांगावी लागणार नव्हती. न झाडलं तर ते गेले होते आणि सांगावी लागणार होती. असं कुठं असतं, ती स्वतःला म्हणाली. झाडण्याचा आणि माणसाच्या श्वासाचा काय संबंध. पण मग जमिनीचा आणि रेघेचा तरी काय संबंध तिला दिसला होता? गल्लीत पाण्याच्या टँकरपाशी बायका रांगेत बोलत होत्या. रुदीनं आधी सासूला काढलं, मग सासूची डुकरं. चौदा नंबरच्या म्हाताऱ्याचं घर यादीत होतं म्हणे, मुद्दाम मागं ठेवलं. देलियाची बादली भरत होती. पाणी वर येताना आवाज बारीक बारीक होत जातो, हे ऐकत ती उभी राहिली. बादली भरली तशी तिनं उचलली आणि निघाली. "बिचारी, बोलतपण नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

मंगळवारी सकाळी ताताय सापडले, नदीच्या वळणावर, बास्केटबॉलच्या मैदानाच्या जाळीत. शर्टाच्या आत, पँटमध्ये खोचून, आईचा फोटो होता. काच शाबूत होती.

शवपेटी बंद करूनच घरी आली. ती ठेवायला जागा एकच होती, त्या भिंतीसमोर. आता खरोखरीच झाडायचं नव्हतं, आणि गल्लीनं त्या चिखलातच सगळं उभं केलं: फळ्या टाकून वाट, फळ्यांवर खुर्च्या, कचेरीकडून आलेला मेणकापडाचा मोठा फलक, त्यावर तातायचा कुणाच्या तरी लग्नातला हसरा चेहरा. फलक कुठं लावायचा ते देलियानं सांगितलं.

"इतकं खाली?" आलिंग पासिंगनी विचारलं. "पेटीच्या मागं जाईल की सगळं. नुसते केस दिसतील त्यांचे."

"असू दे."

"माणूस काय बसून राहिलाय का, एवढं खाली."

"असू दे म्हटलं ना."

फलकानं दोन्ही रेघा झाकल्या. दोन दिवस माणसं येत राहिली. कॉफी, बिस्किटं, दुपारी जपमाळ, मग पुन्हा कॉफी. जपमाळ संपली की मांग तोमास आणि आणखी तिघे पत्ते मांडायचे, मयताला सोबत म्हणून, आणि पेटीकडे पाहून, तातायना नावानं हाक मारून म्हणायचे, सेन्योंग, तुझा डाव आम्ही खेळतोय, हरलो तर बोलू नको. बिस्किटांचा चुरा वाळल्या चिखलाच्या चिरांमध्ये पडत होता. मुंग्या नव्हत्या. पुरानं मुंग्या नेल्या होत्या, आणि देलियाला त्याचंच रडू आलं, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच, आणि बायकांनी समाधानानं तिच्या पाठीवरून हात फिरवले.

बुधवारी दुपारी रुदी आला. पेटीसमोर उभा राहिला, क्रूसाची खूण केली, आणि मागच्या बाकावर टोकाला बसला. कॉफीचं तबक त्याच्यापर्यंत आलं आणि वळलं. कुणी ठरवून केलं असं नाही. तबक आणणारीच्या पायाखाली फळी संपली, एवढंच.

"सासूबाई कोरड्या आहेत ना, रुदी?" मांग तोमासनी पत्त्यांवरून मान न उचलता विचारलं.

"आहेत, मांग तोमास."

"आणि डुकरं?"

"एक गेलं."

"अरेरे. त्याचापण फलक लावायला हवा होता."

दोघं तिघं हसले. रुदी आपल्या हातांकडे पाहत राहिला. सिमेंटनं त्याच्या बोटांची टोकं कायमची फाटलेली होती. देलियाच्या हातात कॉफीचा कप होता, भरलेला, तिचा स्वतःचा. ती उठली असती तर सहा पावलं होती. ती मोजत राहिली आणि उठली नाही. जे तिनं कचेरीतल्या बाईला अगदी सहज सांगितलं होतं, चार शब्द, ते आता या खोलीत सांगायचे तर तोंडात मावत नव्हते. उद्या, ती मनात म्हणाली. पेटी गेल्यावर. पेटीसमोर नको. मग तिला कळलं की ती बापापासून लपवतेय, आणि बापाला तर ठाऊक असणार. पाणी निळ्या रेघेपर्यंत चढताना पाहायला तेच होते. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांना जिन्याच्या पायऱ्या मोजाव्याशा वाटल्या असतील का. ते मोजणारे होते.

गुरुवारी नदीपलीकडची दफनभूमी उघडली आणि ताताय आईशेजारी गेले. पेटी उंबऱ्याबाहेर पडली की लगेच घर झाडायचं असतं, पण झाडायला राहिलंच नव्हतं काही. चिखल फरशीला सिमेंटसारखा धरून बसला होता. देलिया परतली तेव्हा दारात रुदी उकिडवा बसला होता. शेजारी छिन्नी, हातोडी, दोन रिकामी पोती.

"आता चालेल ना?" त्यानं विचारलं. "झाडायचं नाही हे आता संपलं असेल."

"संपलं."

तो उंबऱ्यापासून सुरू झाला. ढपले निघत होते, पुस्तकाएवढे. देलिया ते पोत्यात भरत होती. भिंतीपाशी आल्यावर तो फलकाकडे पाहून थांबला. "हा काढू? मागं ओल धरेल."

तिला नको म्हणता आलं असतं. तिनं उठून एक टोक सोडलं, मग दुसरं. तातायचा चेहरा आपल्याच भारानं घडी होत खाली बसला. रुदीनं भिंत पाहिली. गवंडी पाहतो तसं, आधी ओळंब्यात आहे की नाही ते, आणि मग रेघा. त्यानं छिन्नी खाली ठेवली. अंगठा खालच्या रेघेवर टेकवला, करंगळी ताणली. त्याचा हात मोठा होता. दुसऱ्या वेळी करंगळी निळ्या रेघेच्या थोडी वर गेली, तेवढी त्यानं मागं घेतली.

"जमिनीला घातलेली भर," तो म्हणाला. "दोन वीत. खडी मीच भरली होती."

"मी नव्या जमिनीपासून मोजलं."

त्यानं हात भिंतीवरून काढून घेतला.

"तू खडी भरलीस म्हणून काही झालेलं नाही," ती म्हणाली. "ते घेऊ नको अंगावर. आणि बोटीचं, त्या दिवशी, ते मीच सांगितलं होतं कचेरीत. आम्हाला नंतर म्हणून."

"ठाऊक आहे."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून कागद काढला. चार घड्या, भिजून वाळलेला, घड्यांवर विरलेला. पेन्सिलीनं घरांचे नंबर होते, समोर खुणा. चौदासमोर खूण नव्हती. लिहिलं होतं: वडील ठीक. मुलगी म्हणते, नंतर.

"हा तुझ्याकडे पहिल्यापासून आहे?"

"रविवारी द्यायला आलो होतो."

"मग?"

"तू झाडत होतीस," रुदी म्हणाला.

त्यानं छिन्नी उचलली आणि पुन्हा कामाला लागला. ती कागद धरून उभी राहिली. दुपारचं ऊन दारातून आत येऊन सोललेल्या जमिनीवर पडलं होतं. तेवढ्या तुकड्यात फरशीचा मूळचा हिरवा रंग दिसत होता, जो ताताय आणि आई दोघं मिळून दुकानातून निवडून आले होते. बाहेर पावलं वाजली. आलिंग पासिंग आल्या, खराटा खांद्यावर, त्यांच्या मागं मांग तोमास, हातात फावडं.

"झालं गं बाई एकदाचं," आलिंग पासिंग म्हणाल्या. "आता झाड हवं तेवढं. सरक, मी करते." मग त्यांना रुदी दिसला आणि त्यांनी नाकातून श्वास सोडला. त्याला वळसा घालून त्यांनी खराटा जमिनीला लावला.

देलियानं पुढं होऊन त्यांच्या दोन हातांच्या मधे दांड्यावर आपला हात ठेवला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मांग तोमास, तुम्हीपण या आत."

"राहू दे, देलिया," रुदी खालून हळूच म्हणाला.

"काय झालं?" आलिंग पासिंगनी विचारलं. "काय दाखवायचंय?"

तिनं कागद त्यांच्या हातात दिला, आणि वाचायला त्यांना चष्मा लागतो, आणि चष्मा पुरात गेलाय, हे तिला आठवलं. मग ती भिंतीपाशी गुडघ्यावर बसली, अंगठा बापाच्या रेघेवर टेकवला आणि सगळ्यांना दिसेल अशी करंगळी वर ताणली.

"एक," ती म्हणाली.